लागलं की बोट ठेवा

परवा कॉलेजात मोठी मीटिंग झाली. पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत एका तरुण प्राध्यापकाने सांगितलं, की यापुढे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही थेट ओपीडीत न्यायचं, पेशंटला हात लावू द्यायचा, आणि ही कल्पना अगदी नवी आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. समोर चहाचा ग्लास आला, तो मी आधी एका बोटाने हळूच चाचपला, फार गरम होता म्हणून निवू दिला. ही सवय मला हुडगे सरांमुळे लागली. लोकांना वाटतं, माझी जीभ नाजूक आहे.

डॉ. मन्मथ हुडगे मूळचे उदगीरचे. घरची धान्याची आडत. भाऊ गादीवर बसले आणि हे कसे कोण जाणे डॉक्टर झाले. बुटके, काळेसावळे, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीचा उंचवटा. ते आम्हाला सार्वजनिक आरोग्य शिकवत, त्याला कॉलेजात संडासाचा विषय म्हणत, कारण त्यात संडास, विहिरी आणि डास यांच्याखेरीज काही नाही असा सर्वांचा समज होता. सर्जरीचे प्राध्यापक त्यांना जिन्यात भेटले की विचारत, "काय हुडगे, किती डास मारले आज?" सर म्हणत, "आज सुट्टी हाय त्यांना. पाणीच न्हाई तर डास कुठून यायले?"

पाणी खरंच नव्हतं. आम्ही पहिल्या वर्षाला होतो तेव्हा पावसाने लागोपाठ पाठ फिरवलेली. आमचं कॉलेज शेजारच्या जिल्ह्यात. तिथून लातूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली दिसायची आणि रस्त्यावर रोजगार हमीची माणसं खडी फोडत बसलेली. लातूर नुकतंच स्वतंत्र जिल्हा झालेलं. रेणापूरच्या दवाखान्याच्या पाटीवर रंगाऱ्याने जुन्या जिल्ह्याच्या नावावर पांढरा पट्टा मारून वर लातूर लिहिलं होतं. पण रंगात पाणी जास्त झालेलं, त्यामुळे उन्हात बघितलं की खालून उस्मानाबाद डोकवायचं. सर पाटीखालून जाताना दर वेळी म्हणत, "जिल्हा नवा दिला, पाणी द्यायचं इसरले."

त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलाने जिवंत माणसाच्या जवळ जायचं नसे. दीड वर्ष मुडदे फाडायचे, पुस्तकं पाठ करायची, आणि मग कधीतरी वॉर्डात पाऊल टाकायचं. मुडद्यांच्या हॉलमध्ये दोन महिने काढले की माणूस बधिर होतो. पहिल्या आठवड्यात आम्हाला जेवण जात नव्हतं. नंतर आम्ही त्याच हातांनी शेंगदाणे खात गप्पा मारायला लागलो. सरांना हे खटकायचं. त्यांनी कुणाची रीतसर परवानगी न घेता गुरुवारी दुपारी आम्हा काही पोरापोरींना एसटीत घालून रेणापूरच्या ओपीडीत न्यायला सुरुवात केली. विभागप्रमुखांना सांगितलं, "विहिरी दाखवायला नेतो." त्या विषयात विहिरी येतच होत्या, त्यामुळे प्रमुखांनी हरकत घेतली नाही.

पहिल्या गुरुवारी आम्ही नवे कोरे स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून गेलो. सरांनी ते सगळे काढून घेतले आणि कपाटात ठेवून दिले. मग आम्हाला केसपेपर काढायला लावले, स्वतःच्या नावाने, आणि पेशंटांच्या बाकावर रांगेत बसवलं. एका बाजूला खोकणारी म्हातारी, दुसऱ्या बाजूला कडेवरचं हगवणीचं पोर घेऊन बसलेली बाई. आमची पाळी यायला दुपार कलली. नांदेडचा इरफान आमच्यात सगळ्यात चळवळ्या, त्याच्या वडिलांचं शिंपीकाम होतं. तो वैतागून म्हणाला, "सर, आम्ही काय शिकून राहिलो इथं?"

"बसायला," सर म्हणाले. "बाकावर बसल्याबिगर खुर्चीवर बसाय येत न्हाई."

हा त्यांचा कायदा होता. जे दुसऱ्याला करायचं ते आधी स्वतःला करून घ्यायचं. सुई टोचायची तर आधी स्वतःच्या दंडात. घशात चमचा घालायचा तर आधी आपल्या घशात. प्रत्येक नव्या तपासणीला आम्ही एकमेकांवर हात साफ करायचो आणि शेवटी सर स्वतः स्टुलावर बसायचे, "आता माझ्यावर करा." त्यातून ते स्वतःलाही सोडत नसत. इरफानने त्यांच्या घशात चमचा इतका आत घातला की सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाणी पुसून ते म्हणाले, "झकास. आता पेशंटला एवढा घालू नको."

हात धुण्याचाही त्यांचा एक प्रकार होता. टँकर यायचा तेव्हा दवाखान्याला एक पिंप मिळायचं. त्यातला एक तांब्या सर आमच्यापुढे ठेवायचे आणि सगळ्यांचे हात त्यात निघाले पाहिजेत. एकाने धार सोडायची, दुसऱ्याने खाली हात धरायचे, त्याच्या हातावरून गळलेलं तिसऱ्याने साबण भिजवायला घ्यायचं, आणि खाली घमेल्यात जे जमेल ते आवारातल्या लिंबाला. महानंदा धार सोडण्यात पटाईत होती. ती निलंग्याची, घरी पाच भावंडांत मोठी, तिला तांब्याचा अंदाज जन्माचा होता. बोलायला फटकळ. सर तिला भ्यायचे, असं आम्ही चेष्टेने म्हणत असू.

काम संपलं की समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. काचेचे जाड ग्लास, उकळता चहा. आम्ही रुमालात धरून, फुंकर मारत, या हातातून त्या हातात करत प्यायचो. सर मात्र डावी करंगळी ग्लासाच्या बुडाखाली घालून तो सरळ उचलायचे आणि बोलत राहायचे. निवांत. आम्ही थक्क व्हायचो. "हात हाय का तवा?" असं इरफान म्हणायचा. पोरांनी पैजा लावून सरांसारखा ग्लास धरून पाहिला आणि बोटं भाजून घेतली. एकदा त्यांच्या करंगळीवर टपोरा फोड दिसला तेव्हा महानंदा म्हणाली, "सर, भाजलंय की." त्यांनी बोट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "कधी झालं काय की." आम्ही हसलो. भावी डॉक्टरांचा आख्खा घोळका तिथे बसला होता आणि सगळे सरांच्या सहनशक्तीचं कौतुक करत होते.

उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला महारोगाची तपासणी शिकवायला घेतली. रोजगार हमीच्या कामावरची माणसं ओपीडीत यायची, त्यात अंगावर फिकट चट्टे असलेली बरीच निघत, आणि या रोगात चट्ट्याला स्पर्श कळत नाही. सरांच्या खिशात एक काड्यापेटी असायची आणि तिच्यात वातीचा कापूस. दवाखान्याचा कापूस राठ असतो असं त्यांचं म्हणणं. म्हणून आईने फुलवातींसाठी पिंजलेला कापूस ते उदगीरहून आणत. त्याची केसासारखी बारीक शेव करायची. पेशंटने डोळे मिटायचे. आपण कापूस अलगद टेकवायचा. लागलं की त्याने त्या जागेवर बोट ठेवायचं.

"लागलं का, असं विचारायचं न्हाई," सर बजावत. "विचारलं की माणूस हाव म्हणतो. डॉक्टरला बरं वाटावं म्हणून म्हणतो. गप बसायचं अन् वाट बघायची."

माणिक तेव्हा आला. तिशीचा, खडी फोडणारा, मनगटावर लाल दोऱ्यांचा हा जाड गठ्ठा बांधलेला. दोरे सोडायला तयार होईना. देवाचे आहेत म्हणाला. सरांनी त्याला स्टुलावर बसवून डोळे मिटायला सांगितले, आणि कापूस हातात धरून नुसते बसून राहिले. टेकवलाच नाही.

"लागलं," माणिक म्हणाला.

सर गप्प.

"लागलं की डाक्टरसाब. हितं." त्याने दंडावर बोट ठेवलं. मग पोटरीवर. मग कोपरावर. कापूस सरांच्या चिमटीतच होता. आमच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की आम्ही सगळेच खाली बघायला लागलो.

"ह्यो खोटं बोलत न्हाई," ते आम्हाला म्हणाले. "घाबरून राहिला." मग त्यांनी माणिकचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. चट्टा निघाला तर कामावरून काढतील, बायको माहेरी जाईल, हे सगळं त्याने सांगेपर्यंत धरून ठेवला. दोरे माणिकने स्वतःच सोडले. खाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तिथे कापूस टेकवला, तेव्हा तो डोळे मिटून वाट बघत बसला.

"हात लावल्यानं ह्यो रोग होत न्हाई," सरांनी त्याला सांगितलं. "मी धरलाय न्हवं तुझा हात? मला काय झालं का? गोळ्या घे. कुणापासून लपवू नको. लपवून वाढतो ह्यो." गोळ्यांनी लघवी लाल होईल तर भिऊ नको, हेही सांगितलं. दोघांनी बाकावर बसून चहा घेतला. सरांनी ग्लास करंगळीवर उचलला.

माणिक दर गुरुवारी यायला लागला. काम नसलं तरी यायचा आणि हात पुढे करायचा.

पावसाळा आला आणि नुसताच गेला. नवी तुकडी आली, आणि त्यांना शिकवायला सरांनी आम्हाला लावलं. त्या दिवशी महानंदा कापसाची तपासणी दाखवत होती. मुलांनी एकमेकांवर केली, आणि रिवाजाप्रमाणे शेवटी सर स्टुलावर बसले. उन्हाळ्यात आमच्यापुढे त्यांनी उजवा ठेवला होता, आज डावा हात टेबलावर ठेवला, डोळे मिटले. महानंदाने कापूस दंडावर टेकवला. सरांनी बोट ठेवलं. मनगटावर टेकवला. बोट ठेवलं. मग करंगळीवर टेकवला.

सर डोळे मिटून बसून राहिले.

तिने पुन्हा टेकवला. मुलांना वाटलं, सर गंमत करतायत, न विचारता थांबतो की नाही ते बघतायत. मलाही तेच वाटलं. महानंदाला वाटलं नाही.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला लागंना."

सरांनी डोळे उघडले. करंगळीवर कापूस होता, तो त्यांनी बघितला. "पुन्हा कर," असं म्हणून पुन्हा मिटले. तिने करंगळीवर केलं, शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागावर केलं, तळहाताच्या कडेला केलं. बोट कुठेच आलं नाही. तिने एकदाही विचारलं नाही.

"बराबर," सर डोळे न उघडता म्हणाले. "आता कोपर बघ. आतल्या बाजूची नस."

तिने नस चाचपली. "जाड हाय सर. दोरीसारखी."

"सगळ्यांनी बघा. एकेकानं. अशी नस रोज सापडत न्हाई."

आम्ही रांगेने गेलो आणि एकेकाने सरांचं कोपर चाचपलं. माझी पाळी आली तेव्हा बोटांखाली ती नस सरकली आणि मला काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं नाही, भीती वाटली नाही. पुस्तकातलं चित्र आणि ही नस जुळतात एवढंच डोक्यात आलं. चहा आला, तो कुणीच घेतला नाही. सरांनी आपला ग्लास उजव्या हाताने उचलला, खाली ठेवला, आणि करंगळीवरच्या जुन्या डागाकडे बघत राहिले.

परतीच्या एसटीत इरफान त्यांच्या शेजारी जाऊन बसला. "सर, आम्ही कुणाला बोलणार नाही. अम्मीची कसम. तुम्ही हैदराबादला जाऊन गोळ्या घ्या, कुणाला पत्ता लागणार नाही."

त्यात चूक काहीच नव्हतं. बाहेर कळलं असतं तर आमच्या रेणापूरच्या वाऱ्या त्याच दिवशी बंद पडल्या असत्या, आणि पेशंटच्या अंगाला हात लावणं हेच ज्या माणसाचं सगळं होतं त्याला कुणी हात लावू दिला नसता. हे आम्हाला कळत होतं आणि सरांना आमच्यापेक्षा जास्त.

"माणिकला मी काय सांगितलं व्हतं?" सर म्हणाले.

इरफान हातातल्या तिकिटाची घडी करायला लागला.

"मग?"

पुढच्या गुरुवारी सरांनी रेणापुरात स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला आणि बाकावर रांगेत बसले. काय झालंय असं कुणी विचारलं तर सरळ सांगत होते, महारोग. बाक लांबडा होता. त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू उठून भिंतीला जाऊन उभी राहिली. कुणी वावगं बोललं नाही. मराठवाड्यातली माणसं तोंडावर बोलत नाहीत, उठून जातात. महानंदा, इरफान आणि मी, आम्ही तिघं जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्याने बाक भरल्यासारखा दिसला, एवढाच काय तो उपयोग.

माणिक त्या दिवशी आला नाही. पुढच्या गुरुवारीही आला नाही. सरांनी त्याच्या गोळ्या खिशात घातल्या आणि आम्हाला घेऊन खडीच्या कामावर गेले. ऊन मी म्हणत होतं. माणिक आम्हाला बघून उठला आणि चालायला लागला. सर मागे. शेवटी एका खडीच्या ढिगाआड तो थांबला, पण तोंड फिरवूनच.

"गोळ्या का न्यायला आला न्हाईस?"

तसाच पाठमोरा तो म्हणाला, "माझ्यामुळं झालं तुमाला. म्या हात दिला तुमच्या हातात."

सर मटकन खडीवर बसले. त्या सगळ्या दिवसांत त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हाच पाहिला.

"तुझ्यामुळं न्हाई रे बाबा," ते म्हणाले. "ह्यो रोग अंगात यायला सालं लागतात. माझं तुझ्या लई आधीचं हाय. मी तुझा हात धरला तवाच माझी करंगळी मेलेली व्हती."

माणिकने मान हलवली. पटलं होतं की नाही कोण जाणे. सरांनी गोळ्या पुढे केल्या, त्या त्याने घेतल्या. मग सवयीने सरांनी हात पुढे केला. माणिकने दोन्ही हात पाठीमागे नेले. डॉक्टरला आणखी काही व्हायला नको, म्हणून नेले. सर हात तसाच धरून थोडा वेळ बसले, मग तो मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "गोळ्या चुकवू नको."

कॉलेजात बातमी पोचायला फार दिवस लागले नाहीत. एका पालकाने तक्रार केली. प्रमुखांनी सरांना बोलावलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते; आम्ही दाराबाहेर होतो, आम्हाला ऐकू येत होतं. "हुडगे, तुम्हाला कुणी सांगितलं होतं बाकावर जाऊन बसायला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." पोरांचं रेणापूर बंद झालं. पहिल्या वर्षाची मुलं पुन्हा मुडद्यांच्या हॉलमध्ये गेली. सरांनी स्वतःच बदली मागून घेतली आणि पार हिमायतनगरच्या बाजूला गेले, जिथे त्या रोगाचं काम होतं आणि करायला माणूस मिळत नव्हता. जायच्या दिवशी त्यांनी आमचे स्टेथोस्कोप कपाटातून काढून ज्याचे त्याला दिले. महानंदा रडली. मी बसस्टँडवर त्यांची वळकटी टपावर चढवायला मदत केली आणि मेसमध्ये जाऊन जेवलो. जेवण नेहमीसारखं लागलं. सर गेले याचं दुःख मला पुढे वर्षा-दोन वर्षांनी झालं, एका परीक्षेच्या मधेच, आणि मग पेपर नीट लिहिता आला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते हिमायतनगरला. मी तेव्हा नांदेडच्या मेडिकल कॉलेजात नोकरीला लागलो होतो. एका गुरुवारी पहिल्या वर्षाची चार मुलं बरोबर घेतली. कॉलेजात सांगितलं, विहिरी दाखवायला नेतो.

सरांचे केस पांढरे झाले होते. गोळ्यांनी रोग केव्हाच गेला होता, पण डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली राहिली होती. विभूतीच्या रेघा तशाच, तोंडही तसंच. मला म्हणाले, "जाड झालास. महानंदा काय करून राहिली?" महानंदा निलंग्यात दवाखाना चालवते म्हटल्यावर खुश झाले. धीर करून मी ते इतक्या वर्षांचं विचारलं. सर, महानंदाने कापूस लावायच्या आधी तुम्हाला माहीत होतं का?

"शंका व्हती," ते म्हणाले. "शंका असली की माणूस लाल दोरे बांधतो. मी गुरुवार बांधले. दुसऱ्याचे चट्टे बघत बसलो, आपला हात झाकून."

मग मुलांना त्यांनी बाकावर बसवलं, केसपेपर काढायला लावले, सगळं रीतीप्रमाणे. दुपारी काड्यापेटी काढली. आई केव्हाच गेली होती, आता वाती ते स्वतःच पिंजत. मुलांनी एकमेकांवर कापूस लावून झाल्यावर सर स्टुलावर बसले, डावा हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

पुढे झालेली मुलगी देगलूरकडची होती, बुजरी. तिने दंडावर कापूस टेकवला, सरांनी बोट ठेवलं. मनगटावर टेकवला, बोट ठेवलं. मग तिने तो त्या वळलेल्या करंगळीवर टेकवला आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिनेही विचारलं नाही. मला मात्र या वेळी लागलं, आणि लागलं याचं बरं वाटलं.

बाहेर हापशावर कुणीतरी पाणी काढत होतं. सर डोळे मिटून, मान जराशी कलती करून बसले होते, उजव्या हाताचं बोट उचलून तयार ठेवलेलं, कापूस लागायची वाट बघत. कापूस केव्हाचा लागलेला होता.